महागडं पिस्तूल आणि कॉफीची चौकशी

कमरेला लपवून बाळगायला पिस्तूल घ्यायचं तर स्वस्तातलं घ्यावं की भारीतलं, यावर आमच्या पाइन फोर्ड गावात जेवढा काथ्याकूट होतो तेवढा निवडणुकीवरही होत नाही. न्हाव्याच्या खुर्चीत होतो, बियाण्यांच्या दुकानात होतो, मयताच्या जेवणातसुद्धा होतो. कुठेही सुरू झाला तरी शेवटचा शब्द हार्लन प्रुएटचा. हार्लनचं गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे, पण लोक यंत्र घेऊन येतात आणि पिस्तुलाचा सल्ला घेऊन जातात. शिवाय आमच्या चर्चच्या राखणदार मंडळींचा तो म्होरक्या. आम्ही सहा जण दर रविवारी कोटाखाली पिस्तूल लावून शेवटच्या बाकावर बसतो आणि प्रार्थना संपेपर्यंत दारावर नजर ठेवतो.

त्या बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरातल्या जेवणाच्या खोलीत आमची बैठक होती. ओलेटा स्टिकलीला मंडळींत घ्यायचं की नाही, एवढाच विषय. ओलेटा शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं मुलांना जेवू घालतेय. तिचं म्हणणं साधं होतं. राखणदार वर बसतात आणि रविवारच्या शाळेची मुलं खाली तळघरात असतात. तिथे राखणदार कुणीच नसतो. ती तर दर रविवारी खालीच असते, जेवणाच्या तयारीला.

"तुझं पिस्तूल तर बघू," हार्लन म्हणाला.

ओलेटानं गोळ्या काढल्या, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि ते टेबलावर ठेवलं. हार्लननं ते मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं दोन बोटांत उचललं.

"हे? हे तर मासेमारीच्या दुकानात गळाबरोबर फुकट देतात."

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

"चालतं पण," ओलेटा म्हणाली. "दर गुरुवारी शाळा सुटली की जुन्या खाणीकडे जाऊन शंभर गोळ्या झाडते. वर्षभरात दोनदा अडकलं. दोन्ही वेळा गोळ्या जुन्या होत्या."

"दोनदा अडकलं आणि वर सांगतेस! अगं, स्वस्तातला दोर बांधून विहिरीत उतरतं का कुणी?" हार्लननं कोट बाजूला करून आपलं पिस्तूल काढलं आणि तिच्या पिस्तुलाशेजारी ठेवलं. किमतीला तिच्या चौपट. चाप लोण्यासारखा, नेम धरायचे ठिपके अंधारात चमकणारे, घामानं गंजणार नाही असा मुलामा. "काय घालायचे ते पैसे पिस्तुलात घालावेत. बाकी सगळं मागाहून."

ओलेटाचं लक्ष त्याच्या कमरेकडे होतं. "आणि हे काय? होल्स्टर कुठलं हे?"

"बाबांचं. चांगलं चामडं आहे."

"तोंड सैल पडलंय त्याचं. संडासाला बसतोस तेव्हा काय करतोस? पिस्तूल घसरत असेल."

"बायामाणसांनी असलं विचारू नये," हार्लन म्हणाला आणि पुन्हा हशा पिकला.

"माझे निम्म्याहून जास्त पैसे होल्स्टरला आणि गाडीतल्या लोखंडी पेटीला गेले. उरले त्यात हे आलं."

"मग तू पेटी घेऊन येत जा, पिस्तूल आम्ही आणू."

ठराविक दर्जाच्या खालचं पिस्तूल असेल त्याला मंडळींत घ्यायचं नाही, असा नियम हार्लननं मांडला. मत पुढच्या बुधवारी घ्यायचं ठरलं, पण ते कसं पडणार हे दिसतच होतं. ओलेटानं पिस्तूल भरून जागच्या जागी लावलं. मग आमच्या सगळ्यांच्या उष्ट्या बशा विसळून ठेवल्या आणि ती घरी गेली. आमच्यापैकी कुणी तिला थांब म्हटलं नाही.

आता रविवारची गोष्ट. यातलं बरंचसं मला हार्लननंच पुढे सांगितलं.

प्रार्थनेला दहा मिनिटं असताना तो तळघरातल्या संडासात गेला. तो एकच आहे, बायका, पुरुष, पोरं सगळ्यांना मिळून. पँट सैल करताच बाबांच्या होल्स्टरमधून पिस्तूल घसरायला लागलं. हे नेहमीचंच होतं. त्यानं ते काढून कागदी रुमालांच्या डब्यावर ठेवलं, कधीपासून ठेवत आला होता तसंच. तेवढ्यात बायकोनं, नॅडीननं, दार वाजवलं. "अरे, वर लोक यायला लागले. दारात तू नको का?" तो घाईघाईनं हात धुऊन कोट सारखा करत वर गेला.

दोन भजनं झाली. पास्टरबाईंनी लहान मुलांना पुढे बोलावून गोष्ट सांगितली आणि मुलं रांगेनं खाली आपल्या वर्गात गेली. हार्लननं सवयीनं कोपरानं कमर चाचपली. कोपराला नुसता पट्टा लागला.

खोकल्याची उबळ आल्यासारखं करत तो उठला आणि जिना उतरला. संडासाचं दार उघडंच होतं. डब्यावर काही नव्हतं. डब्यामागे नव्हतं, कचऱ्याच्या टोपलीत नव्हतं.

वाचकहो, अशा वेळी काय करायचं हे हार्लनला चांगलं ठाऊक होतं. आम्हाला त्यानंच शिकवलं होतं. आधी मुलं वर्गातून बाहेर काढायची, मग सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं, मग शोधायचं. एक हाक पुरली असती. पण त्याला बुधवार आठवला. दोन बोटांत धरलेलं पिस्तूल आठवलं, आमचं हसणं आठवलं. ज्यानं अख्ख्या गावाला शहाणपण शिकवलं त्याचंच भरलेलं पिस्तूल संडासात राहिलं, हे त्याच्या जिभेवर येईना. त्यानं ठरवलं, गुपचूप शोधू. सापडलं की झालं, कुणाला कळायचं कारण नाही.

तो स्वयंपाकघरात गेला. ओलेटा एकटीच होती. बीन्सचं मोठं पातेलं शेगडीवर होतं आणि ती हात पुसत उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

"कॉफी झाली का?" हार्लननं विचारलं.

"झाली," ओलेटा म्हणाली. "आणखी काही हवंय?"

"नाही. काही नाही."

"नक्की?"

"नक्की," म्हणून तो बाहेर पडला.

बोळात भिंतीला मुलांचे कोट टांगलेले होते. हार्लन एकेका कोटाचे खिसे चाचपू लागला. साठीचा माणूस, चर्चचा राखणदार, आणि चोरासारखा पोरांचे खिसे तपासतोय. तेवढ्यात वर्गाचं दार किलकिलं झालं आणि सात वर्षांची टेसा बाहेर आली. स्वेटरखाली दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरून ती भिंतीच्या कडेकडेनं चालली होती. हार्लनला पाहून ती दचकली आणि मागे सरकली.

त्याचं भान सुटलं. त्यानं झडप घालून तिचा दंड पकडला. "काय आहे ते? आण इकडे! दे म्हणतो ना!"

टेसानं किंकाळी फोडली. स्वेटरखालून जाड कागदाचं भेटकार्ड पडलं. वर मॅकरोनीचे तुकडे चिकटवून घर केलेलं. अर्ध्या मॅकरोनी फरशीवर उधळल्या.

"आजीसाठी आहे," ती हुंदके देत म्हणाली. "कोटात लपवायचं होतं. मी काही नाही केलं, मिस्टर हार्लन."

"सोड तिला." ओलेटा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुझं पिस्तूल माझ्या गाडीतल्या पेटीत आहे. कुलपात. सोड आधी पोरीला."

हार्लनचा हात गळून पडला. ओलेटानं मॅकरोनी गोळा केल्या, पोरीचं नाक पुसलं, तिला वर्गातल्या बाईंच्या हाती दिलं आणि दार लावून घेतलं.

"तुझ्याकडे होतं, तर मघाशी बोलली का नाहीस?" हार्लननं विचारलं. आवाजात थोडा राग होता. लाज वाटली की माणूस आधी रागावूनच बघतो.

"पंधरा मिनिटांपूर्वी मिळालं मला. रिकामं केलं, फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवलं. आत्ता हात धुतले आणि तुला बोलवायला वर निघणार तोच तू आलास. म्हटलं, आला बिचारा, आता विचारेल." ओलेटानं फरशीवर राहिलेली एक मॅकरोनी उचलली. "तू कॉफीचं विचारलंस."

"ओलेटा, माझी जीभच रेटली नाही गं. बुधवारी तुला एवढं बोललो आणि..."

"बुधवारचं सोड. माझ्या पिस्तुलाला तू खेळणं म्हण नाहीतर आणखी काही म्हण, मला त्याचं काही नाही. पण ते माझ्याकडे आहे हे तुला कुठे ठाऊक होतं? तुझ्या हिशेबानं ते या अकरा पोरांपैकी कुणाच्याही हातात असेल. आणि तरी तू 'काही नाही, नक्की' म्हणून निघालास. विसरतो माणूस. मी एकदा शेगडीवर तेल ठेवून विसरले होते. पण धूर दिसल्यावर ओरडले की नाही? तू धूर दिसल्यावर खिडकी लावून घेतलीस, शेजाऱ्याला दिसू नये म्हणून."

हार्लन भिंतीला टेकला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. आणि तरीही, हे त्यानंच मला सांगितलं, त्याच्या तोंडून पुढचा प्रश्न निघालाच.

"कुणाला सांगशील का?"

ओलेटानं त्याच्याकडे बघितलं ते मात्र कीव आल्यासारखं. "मी नाही सांगणार. ते सांगायचं काम माझं नाहीये."

वर सुखदुःखं सांगायची वेळ झाली होती. दर रविवारी पास्टरबाई विचारतात आणि ज्याला काही सांगायचं असेल तो जागेवर उभा राहतो. एकानं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं सांगितलं. एकीचा हरवलेला कुत्रा सापडला होता, त्यावर सगळे हसले. मग मागच्या दारातून हार्लन आला. तो बाकावर बसला नाही, तसाच मधल्या वाटेत उभा राहिला.

"मला सांगायचंय," तो म्हणाला. "माझं भरलेलं पिस्तूल मी खाली संडासात विसरलो. पोरं जातात त्याच संडासात. ओलेटाला मिळालं म्हणून निभावलं. ते जागेवर नाही हे मला कळलं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. माझं नाक कापलं जाईल म्हणून. निदान दहा मिनिटं मी गप्प राहिलो. आणि एका लहान मुलीवर धावून गेलो, तिला रडवलं. टेसाला."

टेसाची आई उठली. ती हार्लनच्या शेजारून गेली, त्याच्याकडे न पाहता, आणि जिना उतरून आपल्या मुलीकडे गेली. तिच्यामागोमाग आणखी तीन आया गेल्या. नॅडीननं मान खाली घातली होती. पास्टरबाई सांत्वनाचं काही बोलल्या नाहीत. "सांगितलंस, बरं केलंस," एवढंच म्हणाल्या.

मी शेवटच्या बाकावर बसलो होतो, माझंही पिस्तूल कमरेला होतं आणि मी मनात मोजत होतो की मी तेच डब्यावर किती वेळा काढून ठेवलंय. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघून बुधवारी आम्ही सगळेच हसलो होतो. मुसळ सहाही जणांच्या डोळ्यात होतं.

पुढच्या बुधवारी दर्जाचा नियम मताला आलाच नाही. हार्लननं म्होरकेपण सोडलं आणि आम्ही ते ओलेटाला दिलं. तिनं पहिल्याच दिवशी आमच्या प्रत्येकाचं होल्स्टर उलटं धरून हलवून पाहिलं. तिघांची रिकामी पिस्तुलं खाली अंथरलेल्या गादीवर पडली, त्यात माझं एक. ज्याचं पडलं त्याला पुढचे दोन महिने पिस्तूल न लावता खुर्च्या मांडायला ठेवलं. हार्लननं आपणहून सहा महिने मांडल्या. टेसाच्या घरी तो माफी मागायला गेला, तेव्हा तिच्या आईनं त्याला ओसरीतच उभं केलं. त्यानं आणलेली मॅकरोनीची पिशवी टेसानं घेतली, पण आईच्या मागून, हात लांब करून. रविवारी तो जिन्यात दिसला की ती अजूनही दुसऱ्या बाजूनं जाते. ते सहा महिन्यांत फिटलेलं नाही. कधी फिटेल, कुणास ठाऊक.

बंधुभगिनींनो, पिस्तूल स्वस्तातलं असो की महागातलं, ते दुकानात मिळतं. ते सांभाळायची अक्कल मिळत नाही, आणि चुकलो हे कबूल करायचं धाडस तर मुळीच मिळत नाही. आपल्या अब्रूपायी आपण जेवढा वेळ गप्प बसतो, तेवढा वेळ दुसऱ्याचं लेकरू धोक्यात असतं. हे हत्यारापुरतंच खरं आहे असंही समजू नका.

हार्लनच्या दुकानात अजून लोक येतात. परवा एक नवरा-बायको आले होते, एक लहान पिस्तूल घ्यायचं म्हणत होते, स्वस्तातलं की भारीतलं ते ठरत नव्हतं. मी तिथेच माझ्या यंत्राचं पातं घासून घेत बसलो होतो. हार्लननं हात पुसले, दोघांना बाकावर बसवलं आणि कागदी रुमालांच्या डब्यापासून सगळं सांगितलं. कॉफीचंही गाळलं नाही. सांगताना आजही त्याचे कान लाल होतात.

"आता तुम्ही मला सांगा," शेवटी तो त्यांना म्हणाला. "असं तुमच्या हातून झालं तर भरल्या चर्चमध्ये ओरडून सांगाल का? लगेच? आज घरी जाऊन विचार करा. हो म्हणता आलं तर उद्या या, मग कुठलं घ्यायचं ते बोलू."