न बघता री ओढायची नाही

माझ्या सासऱ्यांकडे पाहुण्यांचा राबता फार. येतात न सांगता, बसतात न विचारता, आणि दिसतात फक्त त्यांना. जेवणाच्या टेबलाशी दोन लहान मुलं, कपाटावर मांजर, खिडकीबाहेर एक टोपीवाला माणूस. ही मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा मी अजिबात डगमगले नाही. मी या कामात मुरलेली होते ना!

मुरलेली म्हणजे, माझ्या आईचं सगळं मीच केलं होतं. तिची आठवण पुसत पुसत गेली. तिला तिचे वडील हवे असायचे. सुरुवातीला मी खरं सांगायचे, तर ते गेल्याची बातमी तिला दर वेळी नव्याने कळायची आणि ती नव्याने रडायची. मग मी कानाला खडा लावला. वडील कुठायत? दुकानात गेलेत, येतीलच. शाळेची वेळ झाली? आज सुट्टी आहे. ती ज्या जगात होती तिथे मी जाऊन बसायचे, आणि ती शेवटपर्यंत शांत राहिली. तेव्हापासून सगळ्या नात्यागोत्यात मी या विषयातली जाणकार. कुणाच्या घरी कुणी काही विसरलं की फोन मला, आणि मीही तोंड भरून सल्ले द्यायचे.

त्यामुळे सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, ती मुलं दिसायला लागली तशी मी मुलांसमोर दुधाचे पेले ठेवायला लागले.

"दूध दिलं हं बाबा मुलांना."

"प्यायली?"

"सगळं संपवलं."

बाबा माझ्याकडे नुसते बघत राहायचे. मला वाटायचं, समाधान झालं. जन्मभर आगगाडीचं इंजिन चालवलेला माणूस, बोलणं मोजकंच. आता पावलं घासत चालायचे, हात कापायचा. सकाळी पेपर वाचून त्यातल्या चुका काढायचे, आणि त्याच दुपारी शर्टाचं बटण कुठल्या काजात घालायचं ते समजायचं नाही. आईचं असं नव्हतं. ती उतरत गेली ती उतरतच गेली. बाबा मात्र खालीवर होत होते. पण जाणकार माणसाला एवढं बघायला फुरसत कुठली?

मग एका दुपारी टोपीवाला घरात शिरला. मी वाळलेले कपडे घेऊन पॅसेजमधून येत होते. बाबा समोर उभे.

"तुझ्यामागे आहे तो," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"हो बाबा, आहे ना. चांगला माणूस आहे."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी हो म्हटलं म्हणजे माणूस खरा होता, आणि माझ्या पाठीशी येऊन ठेपला होता. मला वाचवायला त्यांनी मला बाजूला ढकललं. मी मनगटावर आपटले. वर बघते तो बाबा खुंटीवरच्या रेनकोटाची गचांडी धरून त्याला दम देत होते, "सुनेला हात लावशील तर याद राख!" हसावं की रडावं कळेना. मनगट मोडलं होतं म्हणून रडले.

प्लास्टर बघायला नणंद आली. आमच्या ताई मुख्याध्यापिका, घरीसुद्धा घंटा झाल्यासारख्या बोलतात. त्यांनी अशा आजाऱ्यांच्या एका निवासात बाबांसाठी जागा ठरवूनच टाकली होती.

"तिथे माणसं आहेत, दारं बंद असतात. आज ढकललं, उद्या गळा धरतील तुझा. रविवारी मी टॅक्सी घेऊन येते."

"बाबा इथेच राहतील," मी म्हटलं.

"तुझं मनगट काय म्हणतंय?"

माझा नवरा फरशी बघत होता. बहीण आणि बायको समोरासमोर आल्या की त्याला फरशी फार आवडते. मी मात्र हट्टाला पेटले. ताईंना वडिलांची कटकट झाली होती असं नाही, त्या माझ्यासाठीच घाबरल्या होत्या, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दिवाणखान्यातली खुर्ची ते बाथरूम एवढं अंतर ज्या माणसाला अजून स्वतःच्या पायाने, स्वतःच्या मर्जीने जाता येतं, त्याला मी अनोळखी खोलीत नेऊन सोडणार नव्हते. तिथे तर प्रत्येक सावलीला टोपी फुटली असती.

"रविवारी या," मी म्हटलं. "तेव्हाही असंच असेल तर बॅग मी स्वतः भरीन, एका हाताने."

मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे मी पहिल्यांदा नीट कान उघडे ठेवून गेले. त्यांनी बाबांना चालायला लावलं, चित्रं काढायला लावली, आणि मग मला वेगळं बसवलं.

"तुमच्या आईचा आजार वेगळा, यांचा वेगळा. आईंची आठवण जात होती. यांची आठवण अजून बरीचशी जागेवर आहे, पण डोळ्यांपुढे नसलेलं उभं राहतं. आणि शांत करणारी औषधं कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. या आजारात ती फार वाईट उलटू शकतात."

"मग माणसं दिसली की काय करू? वाद घालू?"

"वाद नको. पण नाटक करून भागतं असंही नाही. काहींना सोबत हवी असते, काहींना खरं हवं असतं. तुम्ही विचारलंत का?"

"कुणाला?"

"त्यांनाच."

मला राग आला, कारण मी विचारलं नव्हतं. इतके दिवस मी त्या माणसाची काळजी त्याला वगळून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गॅलरीत उन्हाला बसले होते. नजर स्वच्छ होती. मी शेजारी स्टूल ओढलं.

"बाबा, ती मुलं दिसतात ना तुम्हाला, तेव्हा मी काय करत जाऊ?"

त्यांनी मान वळवली. "तुला दिसतात?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही, बाबा."

"मग हो का म्हणायचीस?"

आवाज चढला नाही, पण इतके रागावलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कापणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरला आणि सांगायला लागले.

"इंजिनात दोन माणसं असतात. ड्रायव्हर आणि सहायक. सिग्नल आला की एकाने मोठ्याने सांगायचं, हिरवा. दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच म्हणायचं, हिरवा. डोळा फसतो ना, सूनबाई. ऊन असतं, धुकं असतं, झोप असते. म्हणून दोघं. एकदा मी हिरवा म्हटलं आणि सहायक मान वर न करता हिरवा म्हणाला. पुढच्या स्टेशनात उतरवला त्याला."

"सिग्नल लाल होता?"

"हिरवाच होता. तरी उतरवला. न बघता री ओढणारा माणूस इंजिनात असण्यापेक्षा एकटा असलेला बरा." मग ते म्हणाले, "मला वाटायचं, मला दिसतंय ते चूक असेल. पण तू हो म्हणायचीस. मग मी काय धरून चालायचं?"

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आजपासून मी सहायक."

मग आम्ही कामाला लागलो. रेनकोट खुंटीवरून कपाटात गेला, पॅसेजमध्ये मोठा दिवा लागला, बाबांना ज्यात चेहरे दिसायचे तो नक्षीचा पडदा उतरवून साधा लावला. नवऱ्याला फरशीवरून उठवून शिडीवर चढवलं. टोपीवाल्याची निम्मी हवा तिथेच गेली. उरलेल्यांसाठी नियम होता. बाबांनी पुकारायचं, मी बघायचं, मगच उत्तर द्यायचं.

"कपाटावर मांजर."

"दिसत नाही."

"दिसत नाही. बरं."

शेवटचं ते परत म्हणायचे, कामावर असल्यासारखं. जुनी सवय मला सोडेना. एकदा भाजी चिरताना मी मान खाली घालूनच "दिसत नाही" म्हटलं, तर स्वयंपाकघरात येऊन त्यांनी झापलं, "वर बघितलंस?" दुपारी ते धूसर व्हायचे तेव्हा नियम विसरायचे, घाबरायचे. तेव्हा मी फक्त जवळ बसायचे आणि माझ्या डोळ्यांना दिसतं ते हळू आवाजात सांगायचे. ही खुर्ची, हा दिवा, ही मी. जादू काही झाली नाही, पण मला कुणी ढकललंही नाही.

रविवारी ताई आल्या. टॅक्सी बाहेरच उभी होती. खांद्यावरची पर्स त्यांनी खिडकीपाशी ठेवलेल्या वेताच्या खुर्चीवर टाकली. ती माझ्या सासूबाईंची खुर्ची. त्या गेल्यापासून तिच्यावर कुणी बसत नाही, म्हणून सामान टाकायची सवय सगळ्यांना लागली आहे.

"समोर बाई उभी, चष्मेवाली," बाबांनी पुकारलं.

"दिसते. ताई आहेत."

"टेबलाशी दोन मुलं."

मी टेबलाकडे नीट बघितलं. "दिसत नाहीत."

"दिसत नाहीत. बरं." त्यांनी चहाचा कप उचलला.

ताई भुवया उंचावून बघत होत्या. मी त्यांना नियम समजावून सांगत होते, तेवढ्यात बाबांचा कप बशीवर खडखडला.

"खिडकीपाशी," ते म्हणाले, आणि आवाज एकदम मऊ झाला. "खिडकीपाशी तुमची आई बसलीय."

माझा नवरा खाली बघायला लागला. ताईंचे डोळे भरून आले. मुख्याध्यापिका कुठल्या कुठे गेली.

"हो बाबा," त्या म्हणाल्या. "मला दिसते आई."

प्रेमानेच म्हणाल्या. माझ्या आईपाशी मीही असंच म्हणत आले होते. पण बाबांनी त्यांच्याकडे फक्त एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे तोंड करून थांबले. सहायकाकडून उत्तर यायचं होतं.

हो म्हटलं तर त्यांना संध्याकाळभर बायको मिळणार होती. नाही म्हटलं आणि ते कोसळले, तर टॅक्सी दारातच होती. पण हो म्हटल्यावर टोपीवाला पुन्हा खरा होणार होता, आणि त्यानंतर या माणसाला जगात विचारायला कुणी उरणार नव्हतं. मी खिडकीकडे बघितलं. न बघता सांगायचं नव्हतं. खुर्चीत ताईंची पर्स होती.

"मला दिसत नाहीत, बाबा."

"अगं!" ताई माझ्यावर खेकसल्या.

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. बराच वेळ ते त्या खुर्चीकडे बघत राहिले.

"दिसत नाही," शेवटी ते स्पष्ट म्हणाले. मग लेकीकडे वळले. "तुला पुढच्या स्टेशनात उतरवली असती."

ताईंना रडता रडता हसू फुटलं.

"ती नाही, हे कळलं मला," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. "पण जरा वेळ बसू दे तिला. मला भीती नाही वाटत तिची."

ताईंनी नाक पुसलं. भावाला म्हणाल्या, "बाहेरच्या टॅक्सीला जायला सांग." मग त्या खिडकीपाशी गेल्या, खुर्चीवरची आपली पर्स अलगद उचलली, आणि ती मांडीवर घेऊन बाबांच्या पायाशी येऊन बसल्या.