उन्हात गाळलेली वाळू

दादा जाऊन अठरा दिवस झाले, तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. नातेवाइकांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. तिला त्याचंही काही वाटलं नाही. तिला फक्त नळी हवी होती.

नदीच्या दरडीत, जुन्या चुलींच्या राखेलगतच्या वाळूत दादाने ती पोलादी नळी ठोकली होती आणि वाळूसकट उपसून, तोंडं बंद करून काळ्या कापडात गुंडाळली होती. तिथे बारा हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती, असं तो छातीठोकपणे सांगायचा आणि मोठमोठी मंडळी त्याला वेड्यात काढायची. पुढे पुरात दरडच वाहून गेली. पुरावा उरला तो नळीतली वाळू एवढाच. वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते तिच्या प्रयोगशाळेतलं यंत्र सांगतं; पुन्हा उजेड लागला की मोजणी शून्यावर येते. म्हणून नळी उघडायची ती लाल दिव्याच्या खोलीतच. बहीणभावाच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरी सांगायचं दोघांनाही सुचलं नाही.

बाबांनी कपाटातून नळी काढून दिली. कापडाची गाठ त्यांच्या हातची होती.

"उघडलीत?" तिने विचारलं.

"हो. म्हटलं, पोरगा कशापायी उन्हातान्हात मरत होता ते बघू तरी. खिडकीशी बसलो, नीट दिसावं म्हणून. चहाच्या गाळणीने सगळी गाळली. एक खापरी निघेल तर शपथ! पण कणही सांडला नाही हं, सगळी परत भरली."

"बरं केलंत," ती म्हणाली.

गरज नव्हती, तरी तिने ती वाळू यंत्रावर लावली. आकडा आला जवळजवळ शून्य. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"किती जुनी निघाली गं?"

"बारा हजार वर्षं."

बाबा घसा खाकरून म्हणाले, "तरी मी म्हणतच होतो! आता कळव त्या शहाण्यांना. त्याचं नाव छापून येईल ना?"

"येईल, बाबा."

फोन ठेवून तिने नोंदवही ओढली आणि लिहिलं: नमुना बाद, उजेड लागला. कुणाच्या चुकीमुळे, या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. रडू तेव्हाही आलं नाही.