लेटसन आज काय जेवले

सोबतीणींच्या शेडमध्ये प्रत्येकीचं भांडं सगळ्यांना दिसतं. दवाखान्यामागे ती लांबलचक शेड, तीन-तीन दगडांच्या चुली, आणि पेशंटसोबत आलेल्या आम्ही बायका. कोण किती पीठ ओतते यावर बाकीच्यांचं बारीक लक्ष. एका माणसापुरतीच न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घोटली की झालं, आसपासचं बोलणं थांबतं आणि कुणीतरी उगाच प्रेमाने मीठ द्यायला येतं. हिचा पेशंट आता काही उठत नाही, असं सगळ्यांनी मनात धरलेलं असतं.

माझ्या नवऱ्याच्या, लेटसनच्या, आतड्याला पीळ पडला होता. तीन दिवस पोट टम्म फुगलेलं, ना शौच ना वारा. डॉक्टरांनी ऑपरेशन करून सडलेला भाग काढला, उरलेली टोकं जोडली आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही. सलाईन चालू आहे, तेवढं पुरे." मला कळलं होतं, मी काही खुळी नाही. तरी रोज दोघांपुरतं पीठ ओतायची. ह्यांच्या वाटणीची ताटली झाकून वॉर्डाकडे निघायची आणि पाण्याच्या टाकीमागे बसून स्वतःच संपवायची. नवरा सुकत चालला आणि मी गरगरीत. लाज वाटायची, पण भूकही लागायची, काय करू.

खरी भीती शेडची नव्हती, वन्संची होती. आमच्यात नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो. त्याला काही झालं की त्याच्या माणसांचा पहिला सवाल, आमच्या माणसाला काय खायला घातलंत? ह्यांची थोरली बहीण एनेलेसी, तिने तर लग्नातच ऐकवलं होतं, "मालिता, भाऊ देतेय तुमच्याकडे, हाडं परत पाठवू नकोस." आता त्या रोज सकाळी फालोम्बेहून फोन करायच्या, आणि मी ह्यांच्या खाटेशी उभी राहून सांगायची, "जेवले की, वन्सं. भोपळ्याचा पाला केला होता शेंगदाण्याचं कूट घालून. परत मागून घेतला." दुसऱ्या दिवशी सुकी मासळी. तिसऱ्या दिवशी घेवडा. हे डोळे मिटून पडलेले असायचे.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या खाल्ल्या असत्या. तेवढ्या खायची माझी तयारी नव्हती.

पाचव्या दिवशी नाकातली नळी काढली. पाण्याचे घोट तेवढे द्यायचे होते. मी कपडे धुवायला गेले, आणि तेवढ्यात वन्सं येऊन पोचल्या. येतेय म्हणून कळवलंही नव्हतं. परत येऊन बघते तर खाटेवर टॉवेल पसरलेला, वन्संच्या मांडीवर डबा, आणि हे उशीला टेकून न्सिमाचा घास मासळीच्या कालवणात बुडवून खातायत. नर्स वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. वन्सं माझ्याकडे बघून हसल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच हसल्या असतील.

"खरं सांगत होतीस गं," त्या म्हणाल्या. "चांगला जेवतोय की."

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. "पुरे आता," एवढंच म्हणाले आणि डबा उचलला. अर्धा रिकामा होता.

संध्याकाळपर्यंत हिरव्या उलट्या सुरू झाल्या, पोट लाकडासारखं घट्ट. डॉक्टर धावत आले. "कुणी भरवलं ह्यांना?"

"मी," वन्सं म्हणाल्या. "ही रोज सांगायची, जेवतो म्हणून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या वॉर्डाने पाहिलं.

"मी असं कधी म्हणाले?" मी म्हणाले.

वन्संनी वाद घातला नाही. शेजारच्या खाटांपाशी बसलेल्या बायकांनी मात्र त्यांना सोडलं नाही. भावाला मारायला आलीस का, अक्कल गहाण टाकलीस का, वाट्टेल ते बोलल्या, आणि मी त्यांना बोलू दिलं. आतड्याचा जोड सुटला होता. दुसरं ऑपरेशन झालं. हे वाचले एवढं कळलं आणि वन्सं मिळेल त्या गाडीने निघून गेल्या. त्यानंतर त्यांचा फोन नाही. शेडमधल्या सगळ्याजणी माझ्या बाजूने झाल्या, बिचारी म्हणून टोमॅटो आणून द्यायच्या. मला त्यांच्यात बसवेना. मी चूल शेडच्या पार कोपऱ्यात नेली.

बारा दिवसांनी डॉक्टरांनी पातळ पेज द्यायला सांगितली, दोन चमचे. तोवर हे ग्लानीतच होते, पोटावर शौचाची पिशवी, हातांच्या काड्या झालेल्या. चमचा ओठांशी नेला तर तोंड उघडेनात.

"ताई कुठाय?"

"गेल्या."

"मला न भेटता?"

मी चमचा खाली ठेवला. इतके दिवस डोक्यात घोळत होतं ते बाहेर पडलं. "खायचं नाही हे तुम्हाला माहीत होतं. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. मग का खाल्लंत?"

हे छताकडे बघत म्हणाले, "तिने डबा उघडला आणि म्हणाली, मालिता सांगते तू परत मागून घेतोस. मग काय करू? तिच्यासमोर तुला खोटं पाडू?"

"रोज ऐकायचो मी," हे म्हणाले. "मासळीच्या दिवशी तर तोंडाला पाणी सुटलं."

मग त्यांनी आपणहून तोंड उघडलं. दोन चमचे गेले. मी तासभर हातात भांडं घेऊन बसले, पण उलटी झाली नाही. तेव्हा मी फोन लावला.

"वन्सं, मी मालिता. दोन चमचे पेज घेतली त्यांनी. पोटात राहिली."

"खरंच?"

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

"त्याला दे फोन," त्या म्हणाल्या.

मी ह्यांच्या कानाशी धरला. "हो ताई. दोन चमचे." बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. ती तसं म्हणालीच नव्हती. तुझाच काहीतरी घोळ झाला."

मी फोन ओढून घेतला. "वन्सं, हे खोटं बोलतायत, माझ्यासाठी. जेवतात असं मीच सांगत होते, रोज. डॉक्टरांपुढे पलटले तीही मीच."

वन्संनी फोन कापला नाही. तिकडे कुणीतरी उखळात मका कांडत होतं, ते ऐकू येत होतं. मी फोन कानाशी धरून उभी राहिले.