कचरापेटीतल्या घंटा

विब्रेनने बाहेरची डिस्क लॅपटॉपला जोडली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि रेन्स्केचं 'डॉक्युमेंट्स' नावाचं फोल्डर उघडलं. आत काही नव्हतं. मग 'पिक्चर्स' उघडलं. तिथे सायकलच्या चेपलेल्या चाकाचा एक फोटो होता, तोही बहुधा विमा कंपनीला दाखवायला काढलेला. डेस्कटॉपवर तर ताट मांडून जेवायला बसावं इतकी स्वच्छता.

"कॉपी करायला काही नाहीच," तो म्हणाला. "आता हे सगळं पुसायचं आणि नवी सिस्टीम चढवायची. दुपारी तू मोकळी."

रेन्स्के कॉफी घेऊन आली. सोबत बिस्किटांचा डबा. विब्रेनने एक बिस्कीट उचललं, तिने झाकण लावलं. धाकट्या बहिणीचा नवरा झाला म्हणून काय, झाकण ते झाकणच.

"पूस की मग," ती म्हणाली.

विब्रेनचं बोट कीबोर्डच्या वर आलं आणि तिथेच थांबलं. समुद्राच्या बांधांची तपासणी करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. जिथे काहीच गळत नाही, तिथे तो जास्त घाबरायचा.

"तुझी गाणी कुठायत?"

रेन्स्के गावच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजवायची. मनोऱ्याच्या वरच्या खोलीत लाकडी दांड्यांची रांग होती. त्यांवर मुठी आपटायच्या, खालच्या दांड्या पायांनी दाबायच्या, की तारांनी जोडलेल्या घंटा गावभर बोलू लागायच्या. दर शुक्रवारी बाजाराच्या वेळी तिचं वादन असे. मासे खाणारे, चीज विकणारे, आपली सायकल कुठे लावली ते शोधणारे, सगळे ते ऐकत. न ऐकण्याची सोय नव्हती. त्या घंटांसाठी बसवलेली गाणी ती याच लॅपटॉपवर लिहायची.

"आहेत ना," रेन्स्के म्हणाली, आणि तिने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या कचरापेटीवर बोट ठेवलं.

त्या गावात खिडकीचे पडदे कुणी ओढत नाही. ओढणाऱ्याला लोक काही बोलत नाहीत, फक्त मनात नोंद करतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिवाणखाना आरपार मागच्या बागेपर्यंत दिसला पाहिजे, आणि त्यात एकही वस्तू पडलेली दिसता कामा नये. रेन्स्केने लॅपटॉपलाही हाच नियम लावला होता. संध्याकाळी दिवसभराचं काम त्या पेटीत सारायचं, सकाळी हवं तेवढं बाहेर ओढायचं. पेटी रिकामी करायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

"अगं बाई, ही कचरापेटी आहे."

"मला वाचता येतं, विब्रेन. पण न्यायला येतं का कुणी? गल्लीत गाडी दर मंगळवारी येते. ही आजवर कुणी नेलेली नाही."

विब्रेनने दोन्ही हात कीबोर्डपासून लांब घेतले, शेतात महायुद्धातला जुना बाँब सापडल्यावर घेतात तसे. मग अगदी हळू पेटी उघडली, आतलं सगळं निवडलं आणि परत जागेवर पाठवलं. डेस्कटॉप काठोकाठ भरला. रेन्स्केने नकळत रस्त्याकडे पाहिलं. स्तोत्रं, नाताळची गाणी, खलाशांची गाणी, आणि त्यांच्या मधोमध एक फाइल: 'दाउत्सेन पन्नास'.

दाउत्सेन म्हणजे विब्रेनची बायको. चार वर्षांपूर्वी तिच्या पन्नाशीसाठी रेन्स्केने ही चाल स्वतः रचली होती. वाढदिवसाला आठवडा उरला असताना नगरपालिकेत अर्ज आला, की पहाटेच्या घंटा बंद कराव्यात. सह्या बहुतेक राजधानीतून इथे शांतता विकत घ्यायला आलेल्या मंडळींच्या. एक दाउत्सेनची, ती मनोऱ्याच्या पायथ्याशी राहायची. पहाटेच्या घंटा रेन्स्के वाजवतही नव्हती, त्या यंत्र वाजवायचं. पण यंत्राला अपमान कळत नाही, त्यामुळे तो रेन्स्केला करून घ्यावा लागला. ती वाढदिवसाला गेली नाही. गावच्या रीतीप्रमाणे गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसून, केक खात, जिचा वाढदिवस तिचंच नाही तर आलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायची ती संध्याकाळ. त्या गोलातली एक रिकामी खुर्ची सगळ्यांत मोठी दिसते. पुढे नगरपालिकेने दाउत्सेनच्या खिडक्यांना आवाज अडवणाऱ्या दुहेरी काचा बसवून दिल्या, आणि मनोऱ्यासमोरची खिडकी तेव्हापासून उघडली गेली नाही. बहिणींचं बोलणंही बंद. दोन्ही घरांचे नळ मात्र विब्रेन दुरुस्त करत राहिला.

"हे घ्यायचं का?" त्याने विचारलं.

"ते टाकलेलं आहे."

"टाकलेलं इथे सगळंच आहे."

रेन्स्केने टेबलावरचा बिस्किटाचा कण बोटाने टिपला. कागदावरची प्रत तिने त्याच आठवड्यात फाडली होती. आता पुसलं की ती चाल जगात कुठेही नसणार. ठेवलेलं कुठलं आणि टाकलेलं कुठलं, हे मशीनला कळत नव्हतं. आपल्याला कळतं, असं तिला आजवर वाटत होतं.

"जागा असेल तर राहू दे," ती म्हणाली.

"जागा भरपूर आहे." त्याने दुसरी डिस्क खिशातून काढली. "दोन प्रती करतो. एक तुझ्या कपाटात, दुसरी दुसऱ्या घरात. पाणी शिरलं तर एक तरी वाचेल."

"पाणी शिरलं तर सगळ्या गावात शिरेल. आपण समुद्राच्या पातळीखाली राहतो."

"नियम आहे."

"कुणाच्या घरात?"

"माझ्या."

"म्हणजे तिच्या."

"निम्मं माझं आहे. वरचं."

डिस्कवरचा दिवा लुकलुकत होता. रेन्स्केने डब्याचं झाकण पुन्हा उघडलं आणि डबा त्याच्यापुढे धरला. विब्रेन त्या घरात इतकी वर्षं येत होता. दुसरं बिस्कीट त्याला कधी मिळालं नव्हतं. त्याने बिस्कीट घेतलं आणि लॅपटॉप पुसायला लावला.

शुक्रवारी ती मनोरा चढली तेव्हा पिशवीत दोन कागद होते. वर खलाशांचं एक गाणं, ज्याबद्दल आजवर कुणाची तक्रार आलेली नाही. खाली दुसरा, नव्याने छापलेला: 'दाउत्सेन पन्नास'. दोन्ही तिने तसेच समोर ठेवले. यातलं कुठलं, हे ठरवायला वर चढेपर्यंतचा वेळ पुरेल असं तिला वाटलं होतं. पण चढताना नुसती धाप लागली होती.

कोट खुंटीला अडकवताना तिने झरोक्यातून खाली पाहिलं. एरवी ती पाहत नसे. अजून एकही घंटा वाजली नव्हती, आणि पायथ्याच्या घराची समोरची खिडकी सताड उघडी होती. खिडकीत उभी राहून दाउत्सेन पिसांची दुलई झटकत होती. झटकली, थांबली, वर मनोऱ्याकडे पाहिलं, आणि तीच दुलई पुन्हा झटकायला घेतली.

रेन्स्केने वरचा कागद खाली घातला, बाकावर बसली आणि मुठी वळल्या. दाउत्सेन दुलया सोमवारी झटकते. लहानपणापासून सोमवारीच.