शेवटची ओळ

‘तुम्ही चोर आहात.’

एवढं टाइप करून ती थांबली. शेजारच्या खुर्चीतल्या दादाने मान तिच्याकडे वळवली. तो जन्मांध होता. पडद्यावर उमटेल ते सगळं एक प्रोग्राम त्याला वाचून दाखवायचा. तिची शिवीही त्याने आत्ताच ऐकली होती.

“चोराला ‘तुम्ही’ कशाला गं?”

“चारचौघांत लिहितेय म्हणून.”

चोर म्हणजे त्याच प्रोग्रामचा प्रमुख. प्रोग्राम फुकट, सगळ्यांना खुला. कुणीही आतला कोड उघडावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी, अशी दवंडी पिटलेली. ती तिकडे हौसेने गेली नव्हती. दादा हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसायचा. ड्यूटीवरच्या डॉक्टरांची यादी हा प्रोग्राम त्याला वाचून दाखवायचा आणि शेवटची ओळ गिळायचा. त्या गिळलेल्या ओळीतल्या डॉक्टरीणबाईंना एकदा फोन गेलाच नाही, आणि दादाच्या हातात मेमो पडला.

ही कुरिअरच्या काउंटरवर पार्सलांना चिठ्ठ्या चिकटवणारी पोरगी. कोड शिकवायला कुणी मास्तर नव्हता. चार महिने एका हाताने डबा खात, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर तिने तो कोड वाचला, डोकं फोडून घेतलं, आणि चूक पकडली. ओळींची मोजणी एक पाऊल आधीच थांबत होती. तिने आयुष्यातली पहिली दुरुस्ती पाठवली. ती चालते की नाही हे तपासायला सोबत पाच ओळींची एक फाइल. त्या ओळी दादानेच सांगितल्या होत्या.

प्रमुखाचं उत्तर आलं, ‘नवशिक्यांनी मूळ कोडला हात लावू नये.’ दार बंद.

तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. शेवटची ओळ वाचली जाऊ लागली. दुरुस्ती कुणाची? प्रमुखाची. खाली वाहवा करणाऱ्यांची ही रांग.

“त्यालाही सुचलं असेल की,” दादा तेव्हा म्हणाला होता. “कशावरून तुझंच उचललं?”

तिने नव्या आवृत्तीतली तपासणीची फाइल उघडली आणि आवाज मोठा केला. यंत्र सपाट सुरात वाचू लागलं, “साबण. दाढीची पाती. नवी काठी. छत्री. माझ्या बहिणीला अक्कल, मिळाली तर.”

दादा खो खो हसला. मग हसू विरलं.

“वाचलंसुद्धा नाही गं त्यानं.”

“उचलायला वाचावं कुठं लागतं?”

या बोलण्याला आज आठ दिवस झाले होते.

“जाऊ दे ना,” दादा आता म्हणाला. “मला शेवटचं नाव ऐकू येतं. काम झालं. दुरुस्तीवर नाव कुणाचं का असेना.”

“मेमोवर कुणाचं होतं?”

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

“माझं.”

“मग?”

“मग लिही. पण तो ‘चोर’ खोड. शिवी दिलीस की सगळे शिवीवरच बोलत बसतील, आणि हा मधल्यामध्ये निसटेल. त्याला पळायला फट ठेवू नकोस.”

खोडताना तिच्या जिवावर आलं. गिळून गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. आठ दिवस ती नुसती दबा धरून होती, आणि आज सकाळीच प्रमुखाने प्रोग्रामच्या पानावर सगळ्यांसमोर लिहिलं होतं, ‘नव्या मंडळींचं आमच्याकडे मनापासून स्वागत!’ त्याच्या बरोबर खाली, हजारो लोक वाचतील अशा जागी, तिने लिहिलं:

‘साहेब, दुरुस्ती तुमची. तपासणीची फाइलही तुमचीच, तसं तिच्यावर लिहिलंय. मग पाचव्या ओळीतली ती बिनअकलेची बहीण कुणाची? सगळ्यांसमोर, नावानिशी उत्तर द्या.’