तासिंग नावाची तीन वादळे

मी एक जुने नाव आहे. तासिंग. फिलिपिन्सच्या हवामान कार्यालयात वादळांच्या नावांची यादी असते. दर चार वर्षांनी तीच यादी पुन्हा काढतात आणि मला एखाद्या अनोळखी वादळाच्या गळ्यात बांधतात. हे वादळ तुझे कोण लागते, असे मला कुणी कधी विचारले आहे का?

पहिले वादळ नुसतेच भुरभुरले. त्याच दिवशी समार बेटावरच्या एका कोळीवाड्यात नार्सिसोला मुलगी झाली. तिकडे वादळात जन्मलेल्या लेकराला हौसेने वादळाचेच नाव ठेवतात. मित्रांनो, मी किती सुखावले! पाळण्यापाशी माझी हाक, किनाऱ्यावर माझी हाक. चार वर्षांनी दुसरे वादळ आले, तेही चार केळी आडव्या करून निघून गेले.

मग तिसरे आले. गावप्रमुख लुर्देसबाई कर्णा घेऊन दारोदार ओरडत होत्या, "शाळेत चला! समुद्र आत येणार आहे!"

म्हातारा दोनातो जागचा हलेना. "तासिंग होय? दोनदा पाहिलीय की तिला. धड धुणंसुद्धा भिजवता आलं नाही! ए नार्सिसो, तुझ्या पोरीला सांग बाबा, जरा हळू फुंक म्हणावं!"

सगळे हसले. नार्सिसोही हसला. निम्मी वस्ती घरीच बसली.

अरे, नाव तेच म्हणून वादळही तेच? तुमच्या गावातले दोन पेद्रो तरी एकसारखे आहेत का?

दुपारी समुद्र छपरांवरून गेला. अकरा माणसे गेली. त्यांत दोनातोची बायको होती.

आणि खापर कुणाच्या माथी? माझ्या! कार्यालयाने मला यादीतून कायमचे काढून टाकले. तेही मी सोसले. पण आठ वर्षांच्या त्या पोरीला पाहून दोनातो म्हणाला, "गावबुडवी!" शाळेतल्या मुलांनी तो शब्द उचलला.

"बाबा, मी काय केलं?" तिने विचारले. नार्सिसो जाळे उचलून किनाऱ्याकडे चालता झाला. आता तोही तिला "ए पोरी" एवढेच म्हणतो.

माझ्या अंगाचा तिळपापड होतो, मित्रांनो. गावकऱ्यांनो, हसलात तुम्ही, घरी बसलात तुम्ही आणि शिक्षा लेकराला?

पुढचे वादळ आले की त्याचे नाव काय म्हणून विचारू नका, वाऱ्याचा जोर विचारा आणि निघा. आणि नार्सिसो, भात निवतो आहे. तुझी लेक उलट्या होडीमागे तोंड लपवून बसली आहे. दारात उभा राहा आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी तिला नावाने हाक मार.