शेवटच्या खाचेतली पावलं

विदाकनं दाराशी बूट काढले आणि काढले तिथेच, अरुंद बोळाच्या ऐन मधोमध सोडून तो आत सरकला.

"वाटेत नको रे ठेवूस," देसांकाबाई म्हणाल्या. "येणाऱ्याला अडतात."

या घरात कोण येणार होतं? बाईंनी पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. विदाकनं हो हो म्हटलं, त्यांनी पुढे केलेल्या सपाता पायात सरकवल्या आणि बूट होते तिथेच राहिले. त्याचं सगळं लक्ष काखेतल्या पिशवीत होतं.

पिशवीत एक रेकॉर्ड होती. इथल्याच, नोवी साद शहरातल्या पोरांच्या 'ओलोवो' नावाच्या बँडची. अल्टरनेटिव्ह मेटल, म्हणजे शेजाऱ्यांनी उठून भिंती बडवाव्यात असलं संगीत. शहाण्णव साली पहिल्या छपाईच्या तीनशेच प्रती निघाल्या. तेव्हा अख्खी दुनिया सीडीच्या मागे धावत होती, काळ्या तबकडीला विचारतो कोण! विदाकची प्रत अजून कारखान्याच्या प्लास्टिकमध्ये होती. सत्तावीस वर्षांत तिला सुई शिवली नव्हती, आणि अशी दुसरी कुणाकडे असल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. पण जपायची रेकॉर्ड वाजवता येत नाही. वाजवायला म्हणून त्याला आणखी एक हवी होती. चार वर्षं तो शोधत होता आणि दर वेळी कुणीतरी आधीच येऊन उचलून नेत होतं.

"तुला टोप्या कोण घालतंय माहितीये?" बाजारात जुन्या रेकॉर्डी विकणारा मिलोये पोट धरून हसला होता. "एक म्हातारी! नऊ तर मीच विकल्यात तिला. पैशाला बधायची नाही ती. तुझी ती सोवळ्यातली घेऊन जा, दाखव. मग बोलेल."

देसांकाबाईंनी टेबलावर आधीच मांडलेला ट्रे पुढे सरकवला. गुलाबपाकळ्यांचा मुरांबा, चमचे, पाण्याचे ग्लास. चमचे तीन, ग्लासही तीन. विदाकनं आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे कुणी असल्याची चाहूल नव्हती.

मग त्याला भिंतीशी टेकवलेल्या रेकॉर्डी दिसल्या. सगळ्या एकाच करड्या मुखपृष्ठाच्या. त्यानं त्या मोजल्या, आणि परत मोजल्या.

"बारा!" त्याच्या तोंडून निघून गेलं. "अहो काकू, एकीसाठी लोक जीव टाकतात. मला एक द्या ना. काय हवं ते मागा."

"आधी ऐक," बाई म्हणाल्या. "दुसरी बाजू. नुसता शेवट."

शेवट विदाकला ठाऊक होता. पहिल्या छपाईत शेवटचं गाणं संपलं की सुई सगळ्यात आतल्या खाचेत जाऊन पडते आणि कुणी उचलेपर्यंत तिथेच फिरत राहते. त्या खाचेत जिना चढणारी दोन पावलं आहेत. ठप, ठप. पुन्हा ठप, ठप. दुसऱ्या छपाईच्या वेळी ती गाळली. विदाकनं ती एकदाच, एका ओळखीच्याकडे ऐकली होती. लांबून आल्यासारखी वाटली होती.

"माझ्या वुकानची पावलं," बाई म्हणाल्या. "ड्रम वाजवायचा ना तो. याच जिन्यात रेकॉर्ड केली. माइक आपल्या दारात ठेवला आणि दहादा वरखाली. मी ओरडले, अरे गाढवा, शेजारी काय म्हणतील! रेकॉर्ड छापून आली तेव्हा तो नव्हता. कार्यक्रम करून परतताना बर्फावरनं गाडी घसरली. निघताना फोन केला होता. आई, जेवायची थांब, मी येतोच, म्हणाला."

 विदाकनं ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

बाईंनी पहिली रेकॉर्ड लावली, सुई अलगद आतल्या टोकाशी टेकवली. ठप, ठप. लांबून.

"हा तळमजला," त्या म्हणाल्या. पाचवी लावली. "हा दुसरा मजला. ऐक, कठड्याला हात लागला."

बारावी लागली. खरखर बरीच होती, पण पावलं मोठी होती आणि त्यांच्यामध्ये कुणीतरी धापा टाकत होतं.  खाच झिजली की आवाज बदलतो, विदाकनं स्वतःला बजावलं. सुईही जुनाट आहे.

"काकू, सगळ्या सारख्याच असतात हो. तीनशेच्या तीनशे एकाच साच्यातल्या. फरक पडणारच नाही."

"माझ्या पोराची पावलं तू मला शिकवतोस?"

बाईंनी सुई उचलून बारावी उतरवली.

"दिवसभर लावून ठेवते मी. एक झिजली की दुसरी आणते. दरेक नव्या रेकॉर्डीत तो थोडा वर आलेला असतो. चार महिने झाले, तो इथे खालच्या वळणावर आहे. आता हीसुद्धा विरत चालली आणि मिलोये म्हणतो, बाजारात एकही उरली नाही." त्यांची नजर पिशवीवर आली. "तूच सांग बाळा, पोराला जिन्यात उभं ठेवू?"

विदाकनं पिशवी छातीशी धरली. नाही म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर होतं. एकदा प्लास्टिक फाटलं की संपलं. जगात एकच असलेली वस्तू मग चारचौघींसारखी होते. असलं दुःख कुणाला सांगितलं तर लोक हसतील. टेबलावरचा तिसरा ग्लास काठोकाठ भरलेला होता.

त्यानं अंगठ्याचं नख प्लास्टिकच्या कडेला लावलं आणि सर्रकन फाडलं. आतून शाईचा, बंद कपाटाचा वास आला.

तबकडी लावण्याआधी सवयीनं त्यानं ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यावर हातानं कोरलेला आकडा असतो, साच्याचा. उतरवलेली बारावी त्यानं शेजारी धरून पाहिली, तोच आकडा. सातच्या शेपटीला ओरखडा, तोही तसाच.

सुई टेकली. गाणं संपलं. सुई सरकत सरकत आतल्या खाचेत गेली आणि फिरू लागली.

काहीच नाही. ठप नाही, ठप नाही. खरखरसुद्धा नाही. विदाकनं आवाज वाढवला, तारा हलवून पाहिल्या, खाली वाकून सुई पाहिली. सुई खाचेतच होती. "असं होणार नाही," तो पुटपुटला. "असं होऊच शकत नाही काकू, मी दुसरी एखादी..."

बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या रेकॉर्डीकडे पाहतच नव्हत्या. मान बोळाकडे वळलेली, आणि चेहरा असा निवलेला की विदाकला त्यांच्याकडे बघवेना.

"पोचला," त्या म्हणाल्या. "उचल आता ती सुई."

त्यानं उचलली. घर इतकं शांत झालं की स्वयंपाकघरातल्या नळाची गळती ऐकू येऊ लागली.

"बूट तिथेच काढ रे," बाई बोळाच्या दिशेनं म्हणाल्या, रोजच्या आवाजात. "चिखल आत आणू नकोस." मग विदाककडे वळल्या. "या सगळ्या ने तू. मला आता लागायच्या नाहीत. आणि जरा लवकर नीघ हं, राग मानू नकोस. सूप गरम करायचंय."

तेरा रेकॉर्डी त्यानं पिशवीत कशाबशा कोंबल्या. चार वर्षं ज्यासाठी जिवाचं रान केलं ते सगळं हातात होतं. तो बोळात आला.

बोळात कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. मधोमध सोडलेले त्याचे बूट मात्र भिंतीकडेला, टाचेला टाच लावून ठेवलेले होते आणि वाट मोकळी होती. तो आत येऊन बसल्यापासून बाई खोलीतून एकदाही हलल्या नव्हत्या.

आत ताटल्या मांडल्याचा आवाज आला. बाई कुणाला तरी, वाळलास किती रे, म्हणत होत्या.

विदाकनं हळूच कडी काढली. बाहेर आल्यावर त्यानं बूट घातले नाहीत. ते हातात धरून, नुसत्या मोज्यांनी, एकेक पायरी चाचपत तो चारी मजले उतरला. उतरणारी पावलं वर ऐकू जाऊ नयेत म्हणून.